खेळातील शत्रू आणि खरा शत्रू



खेळ म्हटला की प्रतिपक्ष आलाच. कबड्डीत मधल्या रेषेपलीकडे सात गडी असतात, बुद्धिबळात समोर सोळा मोहरी असतात, आणि आपल्या पांढुर्ण्याच्या गोटमारीत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीचा पैलतीरच प्रतिपक्ष होऊन उभा राहतो. प्रतिपक्षावाचून खेळ रंगत नाही. तथापि खेळ संपला, सायंकाळ झाली, की पलीकडचे गडी पुन्हा शेजारी होतात, सोयरे होतात. प्रतिपक्ष हा तेवढ्यापुरता असतो. शत्रूची गोष्ट निराळी. तो खेळ संपला तरी शत्रूच राहतो, आणि म्हणूनच शत्रू कोण हे ठरविताना माणसाने फार सावध असावे लागते. आजच्या लेखाचा विषय हाच आहे. मात्र तो एका नवीनच वाटेने माझ्याकडे आला.

गेल्या पावसाळ्यात नववीच्या वर्गावर माझा एक रिकामा तास होता. बाहेर पाऊस कोसळत होता, मुलांना पटांगणावर सोडणे शक्य नव्हते. तेव्हा एका विद्यार्थ्याने उभे राहून विचारले, “सर, त्या खेळातल्यासारखी बुरशी माणसाच्या डोक्यात खरेच शिरेल काय?” वर्गात हशा पिकला, पण विचारणारा हसत नव्हता. आपल्या थोरल्या भावाच्या मोबाइलवर त्याने एका व्हिडिओ-खेळाची चित्रे पाहिली होती आणि दोन रात्री त्याला नीट झोप लागली नव्हती. मी कलाशाखेचा पदवीधर. मराठी आणि इतिहास हे माझे विषय. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मला तत्काळ देता आले नाही. “वाचून सांगतो,” असे मी त्याला म्हणालो. ते वचन पुरे करण्यासाठी हा लेख लिहिला आहे.

प्रथम तो खेळ कोणता ते सांगतो. त्याचे नाव ‘द लास्ट ऑफ अस’. अमेरिकेतील ‘नॉटी डॉग’ नावाच्या संस्थेने तो तयार केला आणि जून २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. पुढे २०२३ मध्ये त्याच कथेवर दूरचित्रवाणीची मालिकाही निघाली. हा खेळ प्रौढांसाठी आहे, असे त्याच्या वेष्टनावरच छापलेले असते. तेव्हा तो तुम्ही खेळावा असे मी मुळीच सुचवीत नाही. परंतु त्याची कीर्ती तुमच्यापर्यंत पोहोचलीच आहे, तर ती अर्धवट राहण्यापेक्षा नीट समजलेली बरी.

खेळाची कथा अशी. एक बुरशी माणसाच्या मेंदूत शिरते, त्याची बुद्धी हिरावून घेते आणि त्याला इतरांवर धावून जाणारा हिंस्र प्राणी बनविते. चावा घेतल्याने रोग पसरतो. कोंदट जागी बुरशीचे सूक्ष्म बीजाणू हवेत तरंगतात, तेथे गॅस-मास्क लावल्यावाचून जाता येत नाही. राज्ये कोसळतात, शहरे ओस पडतात. वीस वर्षांनंतर जोएल नावाचा एक प्रौढ गृहस्थ आणि एली नावाची चौदा वर्षांची मुलगी त्या उजाड देशातून प्रवासाला निघतात. एलीला चावा झालेला आहे, तरी तिला रोग जडलेला नाही. तिच्या साहाय्याने औषध सापडेल अशी आशा आहे. या प्रवासात जे शत्रू आडवे येतात, त्यांच्यापासून जीव वाचविणे हाच खेळ.

या शत्रूंच्या चार पायऱ्या आहेत. रोग जडल्यावर पहिल्या एकदोन दिवसांत माणूस ‘रनर’ होतो. त्याचे डोळे शाबूत असतात. दिसताक्षणी तो धावत येतो, आणि एकटा क्वचितच असतो. दुसरी पायरी ‘स्टॉकर’. हा अंगावर धावून येत नाही. अंधारात, भिंतीआड दबा धरून बसतो आणि आपण पाठ फिरविली की झडप घालतो. तिसरा ‘क्लिकर’. वर्षभरात बुरशी त्याच्या चेहऱ्यावर फुटून आलेली असते, त्यामुळे तो आंधळा होतो. परंतु वटवाघळाप्रमाणे टकटक असा ध्वनी काढून, त्याच्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य कोठे आहे हे तो ओळखतो. चौथा ‘ब्लोटर’. अनेक वर्षांच्या रोगाने त्याच्या अंगावर चिलखतासारखे जाड थर चढलेले असतात.

आता यातील मर्म लक्षात घ्या. या चारही शत्रूंशी एकाच रीतीने लढू पाहणारा खेळाडू थोड्याच वेळात हरतो. रनरपुढे डोळ्यांआड होणे उपयोगी पडते. क्लिकरपुढे ते निरुपयोगी, कारण तो पाहत नाही, ऐकतो. त्याच्या शेजारून पाऊल न वाजविता हळूहळू जावे लागते, अथवा एखादी बाटली दूर फेकून त्याचे लक्ष तिकडे वळवावे लागते. ब्लोटरच्या चिलखतावर गोळ्या वाया जातात, पण आगीला तो भितो. म्हणजे प्रत्येक शत्रूची एक सवय आहे आणि त्या सवयीतच त्याचे उणे आहे. जो घाबरून सैरावैरा पळतो त्याला ते दिसत नाही. जो क्षणभर थांबून निरीक्षण करतो त्याला दिसते. खेळ रचणाऱ्यांनी ही गोष्ट मोठ्या कौशल्याने साधली आहे, हे कबूल केले पाहिजे.

आणखी एक शत्रू या खेळात आहे. तो म्हणजे निरोगी माणूस. पिट्सबर्ग शहराच्या वाटेवर एक मनुष्य पोटाला हात लावून, लंगडत, मदतीसाठी हाका मारतो. तो जखमी नसतोच. वाटसरूंना थांबवून लुटणाऱ्या टोळीचा तो सापळा असतो. एके काळी जोएलनेही असली कामे केलेली असतात, म्हणून तो ते कपट ओळखतो. बुरशीने बुद्धी गेलेल्या माणसापेक्षा भुकेने आणि भयाने नीती गेलेला माणूस अधिक भयंकर, असे ही कथा सुचविते.

येथवर खेळाचे झाले. आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. अशी बुरशी खरोखर आहे काय?

आहे; परंतु ती माणसाची नव्हे, मुंगीची वैरीण आहे. तिचे शास्त्रीय नाव ‘ऑफिओकॉर्डिसेप्स युनिलॅटरॅलिस’. उष्ण कटिबंधातील दमट जंगलांत ती आढळते. तिचा बीजाणू मुंगीच्या अंगाला चिकटतो, कवच भेदून आत शिरतो आणि आत वाढू लागतो. काही दिवसांनी मुंगी आपली नेहमीची वाट सोडते. ती एखाद्या रोपट्यावर थोड्याशा उंचीपर्यंत चढते, पानाच्या खालच्या बाजूस असलेल्या शिरेचा कडकडून चावा घेते आणि त्याच स्थितीत मरते. पुढे तिच्या डोक्यामागून एक देठ फुटतो व त्यातून नवे बीजाणू खालून जाणाऱ्या मुंग्यांवर पडतात. यातील अधिक नवलाची गोष्ट २०१७ मध्ये उघडकीस आली. सूक्ष्मदर्शकाखाली पाहता बुरशीचे तंतू मुंगीच्या स्नायूंभोवती जाळ्यासारखे पसरलेले आढळले, परंतु मेंदूत ते शिरलेले नव्हते.

मग ही बुरशी उद्या माणसाकडे वळेल काय? तशी भीती बाळगण्याचे कारण नाही. एक तर ही बुरशी आपल्या भक्ष्याविषयी अत्यंत चोखंदळ असते. एका जातीच्या मुंगीवर जगणारी बुरशी दुसऱ्या जातीच्या मुंगीवरदेखील तितकीशी चालत नाही. मुंगीपासून माणसापर्यंतचे अंतर तर कोट्यवधी वर्षांचे आहे. दुसरे असे की, आपले शरीर सुमारे ३७ अंश सेल्सिअस इतके उष्ण असते, आणि बहुसंख्य बुरशींना एवढी ऊब सोसत नाही. ज्या उष्णतेची आपण कधी दखलही घेत नाही, ती अहोरात्र आपले रक्षण करीत असते.

बुरशी ही मुळात राक्षसीण नव्हे, हेही येथेच सांगून टाकतो. माझी मातृभाषा कोकणी. आमच्याकडे पावसाळा सुरू झाला की वारुळांवर उगवणारी अळमी बाजारात येतात आणि त्यांसाठी झुंबड उडते. तीही एक बुरशीच. १९२८ मध्ये लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना ज्या हिरवट बुरशीत पेनिसिलिनचा शोध लागला, तिच्यामुळे असंख्य माणसांचे प्राण वाचले.

शत्रू म्हणून बुरशी पाहावयाची असेल, तर दूर जावयास नको. तिगावच्या शिवारात चला. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी संत्र्याच्या बागा आहेत. झाडाच्या बुंध्यातून डिंक ओघळू लागला, पाने पिवळी पडली, की घरातील वडील माणसे म्हणतात, “डिंक्या लागला.” हा रोग ‘फायटोफ्थोरा’ नावाच्या जीवामुळे होतो. शास्त्रज्ञ आता त्याला काटेकोर अर्थाने बुरशी म्हणत नाहीत, बुरशीसारखा दिसणारा निराळा जीव मानतात. पण त्याची करणी बुरशीचीच. क्लिकरची जशी एक सवय, तशी याचीही आहे. याला साचलेले पाणी हवे असते. पाण्यातून तो पोहत मुळापर्यंत आणि बुंध्यापर्यंत पोहोचतो. म्हणून जाणता बागायतदार कलमाचा डोळा जमिनीपासून वीतभर उंच राहील अशी काळजी घेतो, दुहेरी आळे करून पाणी बुंध्याला लागू देत नाही, पावसाळ्यात बागेत चर काढून पाण्याला वाट देतो, आणि मोरचूद व चुना यांचा बोर्डो लेप बुंध्याला लावतो.

या बोर्डो मिश्रणाची कथाही बोधप्रद आहे. फ्रान्समध्ये बोर्दो शहराजवळ द्राक्षमळ्यांचे मालक रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुन्याचे पाणी शिंपडीत असत. हेतू एवढाच, की निळसर पाने पाहून वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत. त्या वेलींना केवडा रोग होत नाही, हे मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या नजरेस आले आणि प्रयोगान्ती १८८५ मध्ये त्याने हा उपाय जगापुढे मांडला. शेकडो लोकांनी जे नुसते पाहिले, त्याचा एकाने विचार केला.

इथवर खेळ आणि वास्तव यांचा मेळ बसतो: शत्रू ओळखावा, त्याची सवय जाणावी, मग उपाय करावा. परंतु एका ठिकाणी खेळ आपल्याला फार चुकीचा धडा देतो, आणि ते सांगण्यासाठीच मी लेखणी उचलली आहे. खेळात रोग आणि रोगी एकच असतात. ज्याला बुरशी जडली तो माणूस उरत नाही. त्याच्यावर गोळी झाडणे एवढाच उपाय राहतो. खऱ्या जगात रोग हा शत्रू असतो, रोगी हा आपला माणूस असतो. हा भेद माणसे विसरली म्हणजे काय होते, याचा दाखला आपल्याच इतिहासात आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात एक विचित्र ताप सुरू झाला. तो गाठीचा प्लेग आहे, हे निदान डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी केले. हे गृहस्थ मूळचे गोव्यातील, बार्देशातील हडफडे गावचे. पुढील काही महिन्यांत साथ पुण्यात पोहोचली. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला यर्सिन यांनी शोधून काढलेला होता. परंतु तो एका शरीरातून दुसऱ्या शरीरात कसा जातो, हे कोणालाच ठाऊक नव्हते. शत्रूचे नाव कळले होते, सवय कळली नव्हती. अशा वेळी भयाने माणसांनाच शत्रू ठरविले. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. पुण्यात रँड साहेबाच्या अधिकाराखाली गोरे सोजीर घराघरांत शिरू लागले. देवघरे आणि माजघरे तुडविली गेली, सामानसुमान बाहेर काढून जाळले गेले, घरची माणसे अलग ठेवण्यासाठी छावण्यांत नेली गेली. रोगापेक्षा उपायाची दहशत अधिक झाली. लोक रोगी लपवू लागले, आणि लपविलेल्या रोग्यांमुळे साथ आटोक्यात आणणे अधिकच कठीण होऊन बसले. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली, हे तुम्ही इतिहासात वाचलेच आहे.

त्याच वर्षी, त्याच पुण्यात, एक पासष्टीची वृद्धा वेगळ्या रीतीने वागत होती. सावित्रीबाई फुले यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनी शहराबाहेर हडपसरच्या बाजूस प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. सावित्रीबाई स्वतः रोगी शोधून तेथे आणीत. मुंढव्याच्या गायकवाड घराण्यातील एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचविले, असे सांगतात. या सेवेतच त्यांना प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा देहान्त झाला. ज्या बाईंनी या देशातील मुलींना अक्षर दिले, त्यांचा शेवटचा धडा हा होता. त्या मुलाला पाहून लोक दाराआड होत असता त्यांना तेथे शत्रू दिसला नाही, एक लेकरू दिसले.

तिसरीही एक वाट त्या वर्षी चोखाळली गेली. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. पुढील वर्षी, तेव्हा मुंबई इलाख्यातच असलेल्या कराचीत, पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी दाखवून दिले की, प्लेग एका उंदराकडून दुसऱ्याकडे नेणारी खरी दूती म्हणजे उंदराच्या अंगावरील पिसू. लोकांचा त्यावर विश्वास बसण्यास आणखी काही वर्षे गेली. परंतु शत्रूची सवय अखेर कळली होती. ज्यांची घरे तुडविली गेली ती माणसे निरपराध होती; अपराधी पिसू होती.

हा जुना इतिहास झाला असे म्हणून आपण निश्चिंत होऊ नये. २०२१ च्या उन्हाळ्यात कोरोनाच्या दुसऱ्या लाटेबरोबर ‘काळी बुरशी’ हे नाव आपल्या घराघरांत पोहोचले. तिला वैद्यकात ‘म्युकरमायकोसिस’ म्हणतात. त्या वर्षी जूनअखेर देशात ४०,००० हून अधिक रुग्णांची नोंद झाली, आणि सर्वाधिक रुग्ण असलेल्या राज्यांत महाराष्ट्र होता. खेळातील बुरशी जणू प्रत्यक्षात आली. आणि योगायोग पाहा: या रोगाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद करावी, असे केंद्र सरकारने राज्यांना कळविले ते १८९७ च्या त्याच कायद्याच्या आधारे.

परंतु या बुरशीची सवय काय होती? तिचे बीजाणू मातीत, शेणखतात, कुजलेल्या पाल्यात सर्वत्र असतात. आपण रोज ते श्वासावाटे आत घेतो आणि आपले शरीर त्यांचा समाचार घेते. ज्यांचा मधुमेह आटोक्यात नव्हता, अथवा ज्यांना स्टेरॉइड औषधे जास्त प्रमाणात द्यावी लागली होती, त्यांचीच शक्ती अपुरी पडली. एका माणसाकडून दुसऱ्या माणसाला हा रोग जडत नाही. आणि तरीही माझ्या परिचयाच्या एका घरी काय घडले ते सांगतो. घरातील कर्ता पुरुष एक डोळा गमावून, पण जीव वाचवून इस्पितळातून परत आला. तेव्हा शेजाऱ्यांनी महिनाभर त्याच्या अंगणात पाऊल टाकले नाही. त्याच्या मुलांबरोबर कोणी खेळेना. तो मला म्हणाला, “डोळा गेला त्याचे दुःख कमी झाले, पण मी समोरून आलो की लोक रस्ता बदलतात, हे सोसवत नाही.” त्याच्या शेजाऱ्यांपैकी कोणी दुष्ट नव्हते. ते घाबरलेले होते आणि त्यांना माहिती नव्हती. भय आणि अज्ञान एकत्र आले की सज्जन माणूसही क्रूर वागतो.

पुढे केव्हातरी पुन्हा एखादी साथ येईल. तेव्हा कदाचित तुम्ही घरचे कर्ते असाल, कोणी परिचारिका असाल, कोणी ग्रामपंचायतीत बसलेले असाल. त्या वेळी तीन प्रश्न स्वतःला विचारा. हा रोग पसरतो कसा? जाणकार, शिकलेला वैद्य काय सांगतो? आणि समोरच्या आजारी माणसाला माझ्याकडून कोणती मदत सुरक्षितपणे होण्यासारखी आहे? अंतर राखावे लागले तर अवश्य राखावे. मुखवटा लावावा लागला तर लावावा. लस असेल तर घ्यावी. परंतु अंतर शरीराचे असावे, मनाचे असू नये. दाराबाहेर ठेवलेला जेवणाचा डबा आणि खिडकीतून मारलेली एक हाक यांनी कोणालाही रोग जडत नाही.

तेव्हा, माझ्या नववीतल्या मित्रा, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे: ती मुंगीची बुरशी तुझ्या डोक्यात शिरणार नाही, निश्चिंत झोप. परंतु भय मात्र माणसाच्या डोक्यात शिरते, त्याची बुद्धी हिरावून घेते आणि त्याला आपल्याच माणसांवर धावून जावयास लावते. त्याच्यावर औषध आहे, आणि ते तुझ्याजवळच आहे. तू हसणाऱ्या वर्गात उभा राहून प्रश्न विचारलास, तेव्हाच त्याचा पहिला घोट तू घेतलास.